कान तुटलेला कप

गेल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही मायलेक नाशिकला परतण्यासाठी सीएसएमटीला आलो. पंचवटी एक्स्प्रेसला अवकाश होता. आईला निवांत बसून चहा हवा होता. टॅक्सी करून तिला जवळच धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोरच्या ‘कयानी’त नेले.

१९०४ सालचे हे इराणी हॉटेल. जुन्या लाकडी खुर्च्या, चौकडीचे टेबलक्लॉथ, बरण्यांत बिस्किटे. ब्रून मस्क्याबद्दल नुसते ऐकून होतो, तोच मागवला. कडक पाव मधोमध चिरून आत लोणी लावलेले. आईचे दात गेलेले; तिने तो चहात बुडवला. चहावर लोण्याचे थेंब तरंगले. “ब्येस हाय की!” म्हणाली.

चहा संपला तशी ती कपबशी घेऊन उठली आणि वेटरला विचारू लागली, “भाऊ, कुठं इसळून ठेवू?”

“राहू द्या आजी, तिथंच ठेवा,” तो म्हणाला.

माझा घास घशात अडकला. आईच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला असे. चहा वरून ओतायचे, कप आपणच धुवायचा. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने १७ व्या कलमाद्वारे अस्पृश्यता नष्ट केली, १५ व्या कलमाने हॉटेलांची दारे खुली केली. १९५५ साली शिक्षेचा कायदाही आला. पण आईच्या हाताची सवय गेली नाही.

खुद्द बाबासाहेबांनीही हे सोसले. १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर ते बडोद्याला नोकरीस गेले. कुठे जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशी मुसाफिरखान्यात राहिले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

गाडी कसारा घाट चढू लागली तेव्हा मला आमची मोरी आठवली. गल्लीतले गटार साफ करणाऱ्या दादांना आमच्याकडे चहा मिळतो, पण कान तुटलेल्या कपात. तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा असतो. तो तिथे ठेवायचा असे कुणी ठरवले नव्हते. मी मात्र रोज पाहत होतो आणि बुद्धविहारात समतेवर भाषणे देत होतो.

घरी येताच तो कप फेकला. पुढच्या खेपेला दादांना आत बसवून आमच्याच कपात चहा दिला. चहा पिऊन ते कप घेऊन नळाकडे निघाले. आई लगबगीने म्हणाली, “राहू दे बाबा, तिथंच ठेव.”

बंधुभगिनींनो, आपापल्या घरचा कोनाडा एकदा पाहा. जय भीम!