शेपूट वाकडेच राहू द्या!

कुत्र्याचे शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण कुणी रचली कोण जाणे. पण त्या गृहस्थाने बारा वर्षे शेपटावर खर्च केली आणि कुत्र्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही, एवढे मात्र निश्चित! शिकवायचे असते ते दुसऱ्या टोकाला.

एरवी आपली परंपरा या प्राण्याच्या बाबतीत मोठी उदार. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान बसले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावले. पण घरातल्या पिलाने चप्पल चावली, की आपला हात तुपाकडे न जाता काठीकडे जातो!

गेल्या आषाढात आमच्या जुन्या पनवेलच्या घरात एक गावठी पिलू आले. भर पावसात ओट्यावर येऊन बसले आणि आजीने त्याला आत घेतले. नाव पडले बंड्या. बंड्याने आठ दिवसांत नावाचे सार्थक केले. देवघराबाहेर तळी, अण्णांच्या चपलेचा अंगठा गायब आणि येणाऱ्याच्या अंगावर उडी! अण्णांनी निर्वाणीचे सांगितले, ‘‘गणपतीला घर पाहुण्यांनी भरेल. तोवर हे शहाणं झालं नाही, तर गाढीच्या पुलापलीकडे सोडून येईन.’’ अण्णा बोलल्याप्रमाणे करतात. म्हणजे बंड्याच्या हातात, नव्हे पंजात, जेमतेम दोन महिने होते.

मित्रहो, पाव्हलॉव्हचा कुत्रा आपल्याला प्रश्नपत्रिकेत भेटतो. पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, हेही आपण पाठ करतो. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. त्यातून पुढे आलेला नियम साधा आहे : ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा घडते. हा नियम वहीतून अंगणात आणायचे मी ठरवले.

पहिला धडा शी-शूचा. पिलू झोपून उठले, जेवले किंवा खेळून थांबले, की लगेच बाहेर न्यायचे. पनवेलचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे! पहाटे पाच वाजता डोक्यावर छत्री धरून मी उभा आणि पायाशी बंड्या. काम झाले, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि भाकरीचा तुकडा. बक्षीस क्षणभराने लांबले, तरी ते कशाचे हे त्याला कळत नाही. शिक्षेचेही तेच. तासाभराने त्याचे नाक तळ्यात घासले, तर तो एवढेच शिकतो, की माणसे अधूनमधून पिसाळतात!

शेजारचे एक काका म्हणाले, ‘‘मालक कोण ते आधी दाखव. लांडग्यांच्या कळपातही म्होरक्या असतोच.’’ ही समजूत बरीचशी १९४७ च्या एका अभ्यासातून पसरली. पण ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते. डेव्हिड मीच या संशोधकाने ‘म्होरक्या’ हा शब्द आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केला आणि त्यानेच १९९९ मध्ये लिहिले, की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले. थोडक्यात, कळप म्हणजे कुटुंब!

कुटुंबाला शिकवणे मात्र अवघड. आजी म्हणे ‘बैस’, धाकटी म्हणे ‘सिट’, अण्णा म्हणत ‘ए गाढवा’. शेवटी भिंतीवर कागद चिकटवला : ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’. सर्वांनी हेच चार शब्द वापरायचे. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही मारायचे नाही; नाहीतर तो पुन्हा येईल कशाला? धडा पाच मिनिटांचा, तोही जेवणाआधी. त्याने उडी मारली, तर पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीवर टेकले, की लाड. चपला फळीवर ठेवायच्या आणि चावायला जुन्या दोरीची गाठ द्यायची. गुरगुरला तर ओरडायचे नाही, दूर व्हायचे; कारण गुरगुरणे ही सूचना आहे आणि सूचना बंद केली, तर थेट दात येतात. तीन महिन्यांचा होताच पशुवैद्यांकडून रेबीजची लस टोचून घेतली. मग सकाळी पट्ट्याने वडाळे तलावाच्या काठी फेरी सुरू झाली.

चतुर्थी आली. पाहुणे आले. बंड्या उंबऱ्याशी उठला, त्याचे पुढचे पाय शिवशिवले. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘बंड्या, बस.’’ आवाज अण्णांचा होता! बंड्या बसला. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. तो तुकडा खिशात किती दिवस होता, हे मी विचारले नाही. पुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. आजीने मोदक देऊ केला, तेवढा मी अडवला. सारणात बेदाणे होते आणि मनुका-बेदाणे कुत्र्याला घातक ठरू शकतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणारा कायदा १९६० साली झाला. प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. पण कायदा काठी फार तर हातातून काढून घेईल. त्या हातात भाकरीचा तुकडा आपल्यालाच ठेवावा लागतो.

हीच पद्धत, सोप्या आज्ञा, छोटे तास आणि तत्काळ शाब्बासकी, वर्गातही एकदा वापरून पाहावी, अशी गुरुजनांना नम्र विनंती. शेपूट नसले, तरी आनंद कसा दाखवायचा ते आम्हांलाही कळते!