टाकीत तेल किती उरलंय?

मंगळवार, 1 नोव्हेंबर 2022, फ्रेमिंगहॅम

सरकारी इंधन-मदतीचा हंगाम आज उघडला. चर्चच्या तळघरातल्या आमच्या मदत-टेबलावरचा फोन सकाळपासून खणखणतोय. बरेचसे फोन ब्राझीलच्या कुटुंबांचे. पोर्तुगीज येणारी सहकारी सोबत होती म्हणून निभावलं. पहिला प्रश्न ठरलेला: घर गॅसवर तापतं, विजेवर की तेलावर? तेल म्हटलं की दुसरा: टाकीत किती उरलंय?

मॅसॅच्युसेट्समध्ये अजून लाखो घरं तळघरातल्या तेलाच्या टाकीवर तापतात. टाकी साधारण 275 गॅलनची. यंदा युक्रेन युद्धामुळे गॅलनला पाच डॉलरच्या वर भाव गेलाय, आणि अनेक विक्रेते शंभर गॅलनच्या आत गाडी पाठवत नाहीत. म्हणजे पाचशेहून अधिक डॉलर एकरकमी. आठवड्याच्या पगारावर घर ओढणाऱ्याने ते आणायचे कुठून?

मंगळवार, 15 नोव्हेंबर

आजपासून 15 मार्चपर्यंत अडचणीतल्या गिऱ्हाइकाचा गॅस किंवा वीज कंपनीला तोडता येत नाही. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर वेगळं संरक्षणही मिळतं. चांगला कायदा आहे, आणि तो लढून मिळवलेला आहे.

पण तेलवाल्यांना तो लागूच नाही. तिथे कुणी काही तोडत नाही. तेल संपतं, एवढंच. बिल थकवायची सोयच नाही, कारण पैसे आधी मोजावे लागतात. कागदोपत्री त्या घरावर कुणी अन्याय केलेला नसतो. थंडी मात्र तीच.

सोमवार, 19 डिसेंबर

वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी बाई आली होती. दोन मुलं. टाकीचा काटा तळाला. पेट्रोल पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये पाच-पाच गॅलन डिझेल आणून टाकीत ओतते. बर्नरला ते चालतं, पण महाग पडतं, आणि दोन दिवसांत पुन्हा कॅन उचलावा लागतो.

सरकारी मदतीची मर्यादा राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या 60 टक्के. ही बाई त्या मर्यादेच्या थोडक्यात वर गेली. का, तर तेलासाठी म्हणून तिने जादा पाळ्या केल्या! चार आठवड्यांच्या पगारपावत्या समोर ठेवून ती हे सांगत होती, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

तिच्यासारख्यांसाठीच ‘गुड नेबर एनर्जी फंड’ आहे. 1985 पासून चालतो, कारभार साल्व्हेशन आर्मीकडे. 60 ते 80 टक्क्यांमधल्या, अचानक अडचणीत आलेल्या कुटुंबांसाठी. पैसे देतात ते तुमच्याआमच्यासारखे बिल भरणारे, आणि रक्कम थेट विक्रेत्याला जाते. हे मला फार मोलाचं वाटतं. घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरायला लागत नाही. अर्ज तिथल्या तिथे भरला.

गुरुवार, 12 जानेवारी 2023

फोनवर मराठी आवाज. आयटीतली नोकरी नोव्हेंबरात गेली. आई सांगलीहून आलेली. एका खोलीत विजेचा हीटर लावून सगळे तिथेच झोपतात. “ताई, मराठी मंडळात कुणाला कळणार नाही ना?” मग लगेच, “2019 च्या पुरात मी मोठा चेक दिला होता हो.” हे त्याने दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, “दादा, ते नसतं दिलंत तरी आईंना ऊब लागलीच असती.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आपल्या लोकांना देता उत्तम येतं. घेणं म्हणजे मात्र पत गेली असं वाटतं, आणि त्या भीतीपायी लहान मुलं, म्हातारी माणसं गारठतात. याबद्दल मंडळात उघड बोलायला हवं, कुणाचं नाव न घेता.

शनिवार, 4 फेब्रुवारी

बॉस्टनला आज पहाटे उणे 10 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापात उणे 23. 1957 नंतर इतकं खाली गेलं नव्हतं. कालपासून टेबल सोडलेलं नाही.

टाकी पार कोरडी पडली की नुसतं तेल घालून भागत नाही. नळीत हवा शिरते. ती काढून बर्नर पेटवायला मेकॅनिक लागतो, त्याचे पैसे वेगळे. तोवर पाण्याचे नळ गोठून फुटायची भीती. एकीने ओव्हनचं दार उघडून ठेवलं होतं. गॅसचा ओव्हन, खिडक्या बंद, कार्बन मोनॉक्साइड! तिला आधी तो बंद करायला लावला, मग शेजारणीकडे पाठवलं. एका छोट्या तेलविक्रेत्याने आमच्या नुसत्या शब्दावर रात्री गाडी काढली. पैसे सोमवारी चर्चच्या निधीतून जातील. कागदपत्रं नंतर. अशा रात्री ज्या मदतीला तीन आठवडे लागतात, तिला मदत म्हणवत नाही.

गुरुवार, 16 मार्च

कायद्यातली मुदत काल संपली. आता गॅस-विजेची थकलेली हिवाळी बिलं पुढ्यात येतील, आणि नव्या अर्जांचा ढीग.

रात्रपाळीवाल्या बाईंना मदत मंजूर झाली होती, शंभर गॅलन आले. ते जानेवारीतच संपले असणार. पुढचं त्यांनी कसं निभावलं ते उद्या फोन करून विचारायचं आहे.

आमच्या आमदारांना पत्र लिहायला घेतलंय. मागण्या दोनच. जादा पाळीचे पैसे उत्पन्नात धरू नका. आणि मदत ऑक्टोबरात द्या, टाकी भरायची वेळ तीच असते. सहकारी पोर्तुगीज प्रत करते आहे. रविवारी चर्च सुटल्यावर दाराशी सह्या घेऊ, आणि पुढच्या आठवड्यात मंडळाच्या गुढीपाडव्याला.