भारवाही हवा

कांचघर ही जबलपुरातील चाकांची वस्ती म्हटली तर वावगे होणार नाही. कारण १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि ‘शक्तिमान’ ट्रकांमुळे सैन्यात सर्वश्रुत झालेला वाहन कारखाना हे दोन्ही येथून फार दूर नाहीत, आणि सतपुला, घमापूर, रांझी या भागांतील कित्येक कर्त्या माणसांची हयात त्यांच्याच हजेरीपटावर गेली आहे. अशा वस्तीत टायरांचे दुकान चालविताना एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली, ती ही की, मोटारीचा भार रबर वाहत नाही, हवा वाहते. रबर, त्यातील धागे आणि पोलादी तारा ही सारी त्या हवेला कोंडून धरणारी पात्रे होत.

बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसविली, आणि तेथून हवेची ही सेवा जगभर रूढ झाली. आजही मोटारीचे प्रत्येक चाक जेमतेम तळहाताएवढ्या जागेने भूमीला टेकते. वेग, वळण आणि ब्रेक यांचा सारा व्यवहार त्या चार जागांवरच चालतो, आणि त्या जागांचा आकार नीट राहतो की बिघडतो, हे आतील हवेच्या दाबावर अवलंबून असते.

म्हणून कोणतीही गाडी दुकानाशी उभी राहिली की मी प्रथम टायरची झीज पाहतो, कारण मालकाच्या सवयींचे ते अस्सल दप्तर आहे. दोन्ही कडा झिजून मध्यभाग शाबूत राहिला असेल तर हवा दीर्घकाळ कमी होती. मध्यभागच गुळगुळीत झाला असेल तर ती अधिक होती. आणि एकच कड, विशेषतः आतली, खरवडल्यासारखी गेली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे असे समजावे, व ते दुरुस्त होईपर्यंत नवा टायर घालण्याची घाई करू नये. खाचांच्या तळाशी असलेल्या लहान उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, नक्षी झिजली की टायरची मुदत संपली. कारण त्यानंतर पावसाळ्यात पाणी बाहेर काढावयास खाचच उरत नाही.

आमच्या हवामानात दक्षतेला विशेष महत्त्व आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पौंडाने घटतो, आणि जबलपूरची मे महिन्यातील पहाट व जानेवारीतील पहाट यांत पंधरा अंशांहून अधिक अंतर असते. तेव्हा उन्हाळ्यात नेमकी भरलेली हवा, छिद्र कोठेही नसताना, हिवाळ्यात तीनेक पौंड कमी भरते. याउलट, सिवनीमार्गे नागपूरहून धावत आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात व दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडणे हे घातक अज्ञान होय. दाब नेहमी गाडी तीन तास तरी उभी राहिल्यावर, थंड टायरवर मोजावा, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. टायरच्या बाजूस कोरलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे.

काही गाड्या महिनोन्महिने दारात उभ्या असतात, आणि त्यांचे मालक नक्षीच्या खोलीचा दाखला देऊन टायर नवाच असल्याचे निक्षून सांगतात. अशा वेळी मी त्यांना बाजूवरील चार अंक दाखवितो: ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात घडला. रबर न धावताही म्हातारे होते. बाजूस बारीक भेगा पडल्या असतील किंवा फुगवटा आला असेल तर खोल नक्षीची ग्वाही निरर्थक ठरते. बाजूच्या पंक्चरला ठिगळ लावून द्या असा आग्रह कोणी धरला, तर मी तो नम्रपणे पण निश्चयाने नाकारतो, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दुमडणारा तो भाग ठिगळाला जुमानत नाही.

महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक दूरच्या प्रवासापूर्वी, स्टेपनीसह पाचही टायरांचा दाब तपासणे एवढेच माझे मागणे आहे. हवा भरणे हे पंपावरील कामगाराचे काम असेल. ती पाहणे हे मात्र मालकाचे कर्तव्य आहे, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येक जिवाची जबाबदारी त्याच्यावर असल्यामुळे ते दुसऱ्या कोणावरही सोपविता येत नाही.