लिहिते राहण्याचा प्रश्न

दरवर्षी पहिल्या सत्रात मी साहित्याची प्रयोजने शिकवतो. यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, उच्च कोटीचा आनंद आणि कांतासंमित उपदेश ही मम्मटाची सहा प्रयोजने फळ्यावर लिहायची, मग आत्माविष्काराच्या पाश्चात्त्य कल्पनेशी त्यांची तुलना करायची. हा तास मला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी याच तासाला शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, माणूस लिहायला का लागतो ते कळलं. पण लिहीत का राहतो?"

विचारणारा विद्यार्थी एकलहऱ्याचा होता. तिथल्या औष्णिक विद्युत केंद्रात तो कंत्राटी कामगार होता आणि रात्रपाळी संपवून सकाळी एम.ए.च्या तासांना बसत असे. 'आंतरिक ऊर्मी' असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. तास संपल्यावर त्याने दोनशे पानी वही माझ्या हाती दिली. तीत सात कथा होत्या. "सवडीनं वाचा," एवढेच तो म्हणाला.

ती सवड मला वर्षभर मिळाली नाही. उत्तरपत्रिका, समित्यांचे अहवाल, अभ्यासक्रमाची फेररचना ही कारणे खोटी नव्हती, पण पुरेशीही नव्हती. वही टेबलाच्या खणात, माझ्याच अर्धवट कादंबरीच्या बाडावर पडून होती. खण उघडला की दोन्ही एकदम दिसत, आणि कदाचित म्हणूनच मी तो उघडत नसे.

त्या वर्षभरात मी वर्गात बाबूराव बागूल मात्र मोठ्या आवेशाने शिकवले. बागूल मूळचे नाशिक रोडजवळच्या विहितगावचे. एकलहऱ्याहून ते फार दूर नाही. लहानपणीच ते मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात गेले. मॅट्रिकनंतर मिळतील ती कामे केली, रेल्वेत नोकरी केली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा पहिला कथासंग्रह 1963 साली आला आणि मराठी कथेचे वळण बदलले. तरी नोकरी सुटली ती 1968 मध्ये. म्हणजे इतके गाजलेले पुस्तक नावावर असतानाही पुढली पाच वर्षे हा लेखक कामावर जात होता. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. ही उदाहरणे देऊन आम्ही प्राध्यापक मंडळी निष्कर्ष काढतो की खरी प्रतिभा परिस्थितीला पुरून उरते.

हा निष्कर्ष आता मला संशयास्पद वाटतो. जे पुरून उरले त्यांचीच पुस्तके अभ्यासक्रमात आहेत. जे थांबले त्यांच्या वह्या कुठल्या तरी खणात आहेत, आणि त्यांच्यावर प्रश्नपत्रिकेत टीप विचारली जात नाही. हालअपेष्टा हेच लेखनाचे इंधन असते, तर एकलहऱ्याच्या वसाहतीत घरोघर कथासंग्रह निघाले असते.

पुढच्या उन्हाळ्यात खण आवरताना वही हाती आली आणि एका रात्रीत वाचून झाली. दुसऱ्या दिवशी मी एकलहऱ्याला गेलो. केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसतात. चहाच्या टपरीवर तो भेटला. "नवीन काय लिहिलंस?" या माझ्या प्रश्नावर त्याने मान हलवली. एका नियतकालिकाकडे दोन कथा पाठवल्या होत्या, उत्तर आले नाही. "नकार आला असता तरी चाललं असतं, सर," तो म्हणाला. माझ्याकडूनही त्याला उत्तर आले नव्हते. त्याने ते बोलून दाखवले नाही.

मग चिमणीकडे बघत तो म्हणाला, "संच चालू असला की कोळशावर चालतो. पण एकदा थंड पडला, की नुसत्या कोळशावर पेटत नाही. आधी तेल जाळावं लागतं, आणि त्याला वेळही फार लागतो."

प्रयोजनांच्या तासाला मी जे सांगायला हवे होते ते इथे होते. प्रेरणेला आपण सदैव आतली वस्तू मानतो. पण कुसुमाग्रजांची 'विशाखा' 1942 साली निघाली ती वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने काढली म्हणून. बागुलांच्या कथा संग्रहाआधी नियतकालिकांतून छापल्या गेल्या. म्हणजे कुणी संपादक त्या वाचत होता. कोळसा लेखकाचाच असतो, पण थंड पडलेल्या वेळी तेल बाहेरून यावे लागते. कौतुकच हवे असे नाही. कुणीतरी वाचते आहे, पुढच्या पानाची वाट बघते आहे, एवढे पुरते. सहृदयाची संकल्पना मी वीस वर्षे शिकवतो आहे, आणि हाती आलेल्या वहीशी मात्र सहृदयाचे वागलो नाही.

त्याला मी सांगितले, की तिसरी कथा उत्तम आहे, पाचवीचा शेवट ओढूनताणून आणला आहे, आणि सातवी ही मुळात कादंबरी आहे. पाचवीबद्दल तो तासभर भांडला. भांडताना त्याचा चहा निवून गेला.

आता महिन्याच्या एका रविवारी आम्ही भेटतो. कधी तो रिकाम्या हाताने येतो, कधी मी. मागच्या खेपेला माझ्या कादंबरीचे दुसरे प्रकरण त्याला वाचायला दिले. सवडीने वाच, असे म्हणण्याचे मी टाळले.