उजवा की डावा?

वेड लागावयास वयाची अट नसते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले. चौतीस वर्षे मी एका सहकारी पतपेढीत लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवला. पत्त्यांना कधी हात लावला नाही, क्रिकेटचा सामना ऐकण्यासाठी कधी रजा काढली नाही. खेळापायी अभ्यास बुडवू नका, असे मुलांना बजावणारा मीच. अशा माणसाला परदेशी जाऊन एका खेळाने पछाडावे, आणि तोही प्रत्यक्ष न खेळावयाचा खेळ, याचे वाचकांना नवल वाटेल. हकीकत सांगताना मला संकोच वाटतो. पण ती सांगितलेली बरी.

मार्च महिन्यात मी सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीस लेकीकडे गेलो. सौ. बरोबर आली नाही. "म्हैस विण्याला आलीय, तिला टाकून मी कुठे येऊ? तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. रोज रात्री साडेआठला मी फोन करावा असे ठरले; कारण तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे खानापुराकडे पहाटेचे सहा, आणि त्या वेळी ती चुलीपाशी असते.

मी पोहोचलो त्याच आठवड्यात जावईबापूंच्या घरी मित्रमंडळींची बैठक भरली. बारा जणांपैकी एकाची बदली होऊन तो दूर गेला होता. जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्ही आयुष्यभर आकडेमोड केलीत. बाराव्या जागी तुम्हीच बसा."

हा खेळ असा. अमेरिकेत बेसबॉलचे तीस मोठे संघ आहेत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोजच खेळ. या संघांतील खऱ्याखुऱ्या खेळाडूंचा आपण घरात बसून लिलाव करावयाचा. प्रत्येकापाशी 260 डॉलर, तेही कागदावरचे. त्यांत तेवीस खेळाडू घ्यावयाचे. पुढे मैदानावर ते खेळाडू जे करतील त्याचे आकडे आपल्या खाती जमा. फलंदाजाने किती होम रन काढल्या, किती बेस चोरले. चेंडू फेकणाऱ्या पिचरने किती सामने जिंकून दिले, किती धावा दिल्या, असे आठ रकाने. प्रत्येक रकान्यात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. सर्वांची बेरीज ज्याची मोठी, तो विजयी.

याचा उगमही मोठा मौजेचा आहे. 1960 साली विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने मित्रांसमवेत असा एक खेळ सुरू केला, आणि तो जुगार वाटू नये म्हणून त्याला 'बेसबॉल परिसंवाद' असे भारदस्त नाव दिले! पुढे डॅनियल ओक्रेंट या लेखकाने 1980 साली न्यूयॉर्कमध्ये लिलावाची पद्धत घालून खेळाला आजचे रूप दिले. ही मंडळी 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या भोजनगृहात जमत, म्हणून खेळाचे नावही 'रोटिसरी' पडले. त्या काळी वर्तमानपत्रांतील बारीक अक्षरांचे तक्ते पाहून हाताने बेरजा कराव्या लागत. 1981 साली खेळाडूंचा संप होऊन सामने बंद पडले, तेव्हा बातमीदारांना लिहावयास दुसरे काही नव्हते. त्यांनी या खेळाविषयी लिहिले आणि तो देशभर पसरला. गंमत अशी की, स्वतः ओक्रेंट आपल्या लीगमध्ये कधीच जिंकला नाही, असे सांगतात.

आता बेरजा संगणक करतो. तरी मी एक वही घातली. जमा, नावे, शिल्लक, जुनी सवय. सकाळी चहापूर्वी कालचे आकडे, दुपारी कोणाला बसवावे व कोणाला खेळवावे याचा विचार, आणि रात्री सातनंतर सामने. माझ्या तेवीस जणांपैकी कोण उजव्या हाताने फेकतो, कोण डाव्या. कोणाला कोणत्या मैदानावर यश येते. कोणाचा गुडघा दुखतो. सारे मला मुखोद्गत झाले. अकरा तरुणांत एक म्हातारा पहिल्या तिघांत आला, म्हणून माझे कौतुकही होऊ लागले. ते मला गोड लागले, हे कबूल केले पाहिजे.

साडेआठचा फोन मात्र आखडत गेला. प्रथम अर्धा तास, मग दहा मिनिटे, मग "सर्व ठीक ना? बरे." ती वेळ म्हणजे सामना रंगात येण्याची वेळ.

जुलैतल्या एका रात्री सौ. म्हणाली, "अहो, परवा विहिरीच्या पायरीवर घसरले. हात मोडला. प्लास्टर घातलंय." मी "अरे, काळजी घे हो," म्हणालो, दोन शब्द बोललो आणि फोन ठेवला. माझा सर्वांत महाग पिचर त्या रात्री मैदानात उतरला होता.

चार दिवसांनी त्याच पिचरचे कोपर दुखावले. त्या रात्री मला झोप आली नाही. डॉक्टरांची मते मी शोधशोधून वाचली. दुसऱ्या दिवशी जेवताना नातवाला सांगू लागलो, "पूर्वी असे झाले की पिचरचा खेळ संपे. पण 1974 साली टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरवर डॉक्टर फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रिया केली. त्याच्या उजव्या हातातली शीर काढून डाव्या कोपरात बसवली. 1976 साली तो पुन्हा मैदानात आला. त्याने जिंकलेल्या 288 सामन्यांपैकी 164 त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत!"

नऊ वर्षांचा पोर घास हातात धरून ऐकत होता. त्याने सहज विचारले, "आजोबा, आजीचा कुठला हात मोडला? उजवा की डावा?"

मला सांगता आले नाही. लेकीने ताटावरून मान वर केली, काही न बोलता पुन्हा खाली घातली. घास गिळावयास मला पाणी घ्यावे लागले.

त्या रात्री साडेआठला मी फोन केला आणि तोच प्रश्न विचारला. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हसली. "डावा हो. भाकरी थापायला उजवा ठेवलाय देवानं." त्यानंतर ती बराच वेळ बोलली. धार शेजारच्या वहिनी काढून देतात. पाणी त्यांचा थोरला भरतो. म्हशीला रेडकू झाले त्याला महिना होऊन गेला. हे तिने मला पूर्वीही एकदा सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

खेळ मी सोडला नाही. अकरा जणांचा हिशेब अर्ध्यावर टाकणे योग्य नव्हे. पण फोन आधी आणि सामना नंतर, असा नियम केला. शेवटी मी बारांत सातवा आलो.

खेळाला मी दोष देत नाही. त्या बारा जणांत खरा स्नेह होता, आणि लिलावाने मला एक गोष्ट शिकविली, जी पतपेढीत चौतीस वर्षे बसूनही उमगली नव्हती. 260 डॉलरांतला एक डॉलर एकावर खर्चला की तो दुसऱ्यासाठी उरत नाही. मनाचे लक्षही तसेच मोजके असते. ते आपण कोठे खर्च केले हे कोणी विचारीत नाही. विचारले तर एखादे लेकरूच.

परत आलो तो आमच्याकडेही क्रिकेटचे असेच काल्पनिक संघ मुलांच्या मोबाइलवर दिसले. पैसे लावून चालणाऱ्या अशा ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 साली कायद्याने बंदी घातली, हे चांगलेच झाले. त्यात घरे बुडत होती. परंतु मी एक पैसाही गमावला नव्हता. माझ्या वहीतली तूट कोणत्याही कायद्याला दिसली नसती.

वाचकहो, आपापल्या घरी आज संध्याकाळी एवढेच करून पाहा. घरच्या माणसाचे काय दुखते, आणि कोठे, हे आपल्याला न विचारता सांगता येते का? सौ.चे मनगट थंडीत अजून ठणकते. डावे.