पालथा दगड

मोबाइलवर फोटो येतो आणि खाली एक ओळ : ‘सर, ही कोणती मूर्ती?’ उत्तर लिहीपर्यंत दुसरी येते, ‘किती जुनी?’ आणि मग जरा वेळानं, चाचरत, तिसरी. ती किमतीची असते. नांदेड-लातूरकडं कुणाच्या वावरात विहीर खणताना, शेततळ्याला जेसीबी लावताना किंवा पडक्या गढीची भिंत उतरवताना नक्षीचा दगड निघाला, की हे तीन प्रश्न ठरलेले. इतिहास शिकवून निवृत्त झालो, आता हाच उद्योग. मी मात्र उत्तराआधी आणखी एक फोटो मागतो, दगडाच्या पाठीचा.

समोरच्याला वाटतं, सरांचं काहीतरी चुकलं. पाठीत काय बघायचं? पण दगडाचं तोंड कारागिरानं लोकांनी पाहावं म्हणून घडवलेलं असतं, आणि पाठ कुणी पाहणार नाही असं धरून सोडून दिलेली असते. त्यामुळं ती खरं बोलते. पाठ ओबडधोबड आणि छिन्नीचे घाव तसेच असतील, तर दगड बहुधा भिंतीत बसलेला होता. बुडाला खुंटी असेल, तर तो कशाच्या तरी खाचेत उभा होता. खालचा हातभर भाग मुळीच घडवलेला नसेल, तर तेवढा जमिनीत पुरायला ठेवलेला. मग वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची शिळा, किंवा सतीशिळा यांचा विचार करायचा. आणि चारी अंगांनी सारखंच काम असेल, तर त्याच्याभोवती माणसं फिरत होती.

हे शहाणपण मी फजिती होऊन शिकलो. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात वेशीबाहेर कमरेइतका उंच गोल दगड होता. कडेला कमळाच्या पाकळ्यांची पट्टी, मधे खोल खळगा. भोवती जमलेल्या पोरांना मी देवळापुढच्या जलकुंडाची गोष्ट रंगवून सांगत होतो, चालुक्यांपर्यंत पोचलोही होतो. पारावरचे एक म्हातारबाबा काठी टेकत आले.

‘गुरुजी, हात घाला की आत.’

घातला. आतून खळगा काचेसारखा गुळगुळीत, आणि एका बाजूला जास्त खोल गेलेला.

‘लाट फिरून फिरून झिजलाय. तेलाचा घाणा हाय ह्यो. आमचा आज्जा करडई गाळायचा.’

पोरं हसली, मीही हसलो. पाकळ्या एखाद्या पाथरवटानं हौसेनं काढल्या असतील. हौस काय फक्त देवळालाच असते? तेव्हापासून नक्षीच्या आधी मी झीज बघतो. पाऊस उघड्या अंगाला सगळीकडून झिजवतो. लाट, दोर, पाऊल आणि हात ठरलेल्या जागीच झिजवतात. विहिरीच्या काठावरच्या दोराच्या खाचा आणि उंबऱ्यात मधोमध पडलेला खळगा बोटांना आधी कळतो, डोळ्यांना मागून.

डोळ्यांची अडचण अशी की त्यांना आधीच ठरवून ठेवलेलं दिसतं. आपल्याकडं जुनं दगडी काम दिसलं की ‘पांडवकालीन’, नाहीतर ‘हेमाडपंथी’. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. देगलूर तालुक्यात होट्टलला जा. तिथली मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. 2024 साली तिथं जतनाचं काम चालू असताना मलब्याखालून एका मंदिराचा पाया निघाला, आणि 1070 च्या सुमाराचे तीन शिलालेखही मिळाले. मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नावं त्यांत आहेत. म्हणजे हेमाद्रीच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं हे काम. तरी गावोगावी श्रेय त्यालाच.

तुकड्याची ओळखही त्याच्या जागेवरूनच पटते. कंधारजवळ मानसपुरीला क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत. कंधार हे राष्ट्रकूटांचं मोठं ठाणं, आणि क्षेत्रपाल म्हणजे जागेचा राखणदार. यातला एखादा तुकडा कुणी उचलून दूरच्या बंगल्याच्या बागेत नेऊन ठेवला, तर तो गोलसर घडवलेला नुसता धोंडा होईल. शेजारी बाकीचे तुकडे आहेत, म्हणून तो राखणदाराचं अंग आहे. यासाठीच माझी पहिली विनवणी असते : हलवू नका. जिथं आहे तिथंच, भोवतालच्या सगळ्यासकट फोटो काढा, मोजमाप घ्या, कुणाचा बांध, कोणत्या बाजूला ओढा, ते लिहा. मग तहसीलला कळवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं, हा कायदा 1878 पासून आहे. किमतीच्या प्रश्नालाही माझं हेच उत्तर असतं. मग तिकडून बराच वेळ काही येत नाही.

मुखेड तालुक्यातल्या एका गावानं मात्र मला फोटो पाठवलाच नव्हता. एका विद्यार्थ्याकडं लग्नाला गेलो होतो. सकाळी ओढ्याकडं गेलो, तर बाया एका लांबट सपाट शिळेवर धुणं आपटत होत्या. कडेला वाकून पाहिलं. एका टोकाला वितीभर अंतरात दगड अगदीच अनघड होता, आणि पुढं कड एकदम सरळ चालली होती. धुण्याच्या दगडाची कड कोण कशाला ताशील?

चार पोरं आणि दोन पहारी लावून शिळा उलटी केली. खालची बाजू चिखलानं लिंपलेली. तारेचा ब्रश एकानं आणलाच होता, तो बाजूला ठेवायला लावला. पाणी आणि काथ्या, एवढंच. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात काही कळेना. कोरीव काम वाचायला उजेड तिरपा लागतो, म्हणून दिवस कलेपर्यंत बसून राहिलो.

ऊन उतरलं तशी एकेक चौकट उठून आली. सगळ्यांत खाली गाई. त्यांच्या शेपट्यांचे गोंडेसुद्धा शाबूत. त्यांच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर दोघे चालून आलेले. वरच्या चौकटीत त्याच माणसाला दोन अप्सरा दोन्हीकडून धरून नेताहेत. त्याच्या वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतो ही कीर्ती राहो. गावची जनावरं कुणी हाकून नेत होतं, हा आडवा गेला आणि पडला. घडणीवरून यादवकाळाच्या आसपास, एवढं म्हणता येत होतं. नाव कुठंच नव्हतं.

सगळं गाव वाकून पाहत होतं. ‘आपल्याच गावचा की हो!’ कुणीतरी म्हणालं. शिळा मारुतीच्या पारापाशी उभी करायची ठरलं. शेंदूर फासायचा नाही हेही, बरंच बोलणं होऊन, ठरलं. तेवढ्यात मागून एक आज्जी म्हणाल्या, ‘ते समदं खरं बाबा, पर आता धुणं कशावर धुवावं?’

पोरं हसली. मला हसू आलं नाही. पारावर उभ्या असलेल्या अशा शिळा मी पुष्कळ पाहिल्यात. शेंदरानं, ऑइलपेंटनं, पावसानं त्यांचे चेहरे गेलेले. या गड्याचे नाक-डोळे राहिले ते तो पालथा पडला म्हणून, आणि आज्जींनी, त्यांच्या सासूनं त्याला तसाच वापरला म्हणून. दुसऱ्या दिवशी आधी ट्रॅक्टरमधून एक साधी फरशी ओढ्यावर आली, मगच वीरगळ हलला.

माझ्या वहीत दर दगडाच्या नोंदीला ‘पाठ’ असा एक रकाना आहे. या शिळेपुढं त्यात लिहिलंय : सपाट, गुळगुळीत, झीज धुण्याची, निदान दोन पिढ्यांची.