थोडी ढील दे ना यार!

तीन लेखांचे चेक एकदम क्लिअर झाले आणि मी पहिला स्टंट काइट मागवला. दोन दोऱ्या, दोन हातांत दोन पट्टे. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. सगळ्यात छोटा निवडला. छोटा म्हणजे सोपा, हे आपलं लॉजिक!

अलिबागच्या किनाऱ्यावर कळलं, छोटा म्हणजे सुसाट. मी सावरेपर्यंत नाक वाळूत. पाचव्या आपटीला कार्बनची काडी तुटली, आणि महिन्याचं बजेटही.

"ढील दिलीस का?" बाबांनी टीव्हीवरची नजर न हटवता विचारलं. रिटायर झाल्यापासून ते तिथेच असतात. आधी गच्चीवर पतंग उडवायचे. मी चिडले, पण पॉइंट तोच होता. ॲक्सल नावाची ट्रिक घ्या. पतंग हवेत थबकवायचा, एका दोरीला झटका द्यायचा आणि लगेच हात पुढे. ढील मिळाली की तो आडवा होऊन गिरकी घेतो. ओढतच राहिलात तर नुसता वळतो.

दुसरा मग साधारण दोन मीटर रुंदीचा घेतला. मोठा सावकाश वळतो, आपल्याला विचार करू देतो. काड्या सुट्या मिळतात ना, हे आधी विचारलं. दोऱ्या न ताणणाऱ्या, अगदी सारख्या लांबीच्या. (काचेचा मांजा? छे! इथे कुणाची काटायची नसते.)

रविवारी बाबांना किनाऱ्यावर ओढून नेलं. पट्टे हातात येताच त्यांनी दोन्ही दोऱ्या जिवाच्या आकांताने खेचल्या.

"ढील, बाबा, ढील!" मी ओरडले.